जर्मनीला संसार हलवताना हसऱ्या चेहऱ्याची सक्ती नको

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. माझे मिस्टर चाकणच्या एका मोटार कंपनीत इंजिनिअर आहेत. कंपनी त्यांना तीन वर्षांसाठी स्टुटगार्टला पाठवते आहे, ऑगस्टमध्ये निघायचं आहे. मुलगी दहा वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. मी बँकेतली नोकरी सोडणार आहे. सासू-सासरे इथेच राहतील. मुलीने अबोला धरला आहे, सासूबाई येता-जाता डोळे पुसतात, मिस्टर कामात बुडालेले. सगळे मला एकच सांगतात, "तू पॉझिटिव्ह राहा, तू खंबीर राहिलीस की घर आपोआप सावरेल." मी दिवसभर हसऱ्या चेहऱ्याने सगळं करते आणि रात्री झोप लागत नाही. हे कसं जमवायचं? किती दिवस करायचं? आणि नाहीच जमलं तर?

उत्तर :

"किती दिवस करायचं?" या तुमच्या प्रश्नात थकवा आहे, आणि अजून तर बॅगाही भरायला घेतलेल्या नाहीत. म्हणून आधी तेच सांगते. हे तुम्ही एकटीने करायचंच नाही. घरातल्या चौघांचा आणि मागे राहणाऱ्या दोघांचा मूड सांभाळणं हे कुणा एका माणसाचं काम असू शकत नाही. तुमच्यावर माया करणारी माणसंच ते तुमच्यावर टाकताहेत, चांगल्या मनाने टाकताहेत, पण ते ओझं आहे आणि निघायच्या आधीच त्याची वाटणी झाली पाहिजे.

पुण्यातून परदेशी जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते. चाकण, हिंजवडी, मगरपट्टा, जिथे जिथे परदेशी कंपन्यांची कामं चालतात तिथून ही घरं निघतात. जी घरं तिकडे नीट रुजली, त्यांच्यात सतत आनंदी दिसणारं कुणीतरी होतं असं मला आढळलेलं नाही. आढळलं ते असं, की त्या घरांत वाईट वाटलेलं मोकळेपणी बोलता येत होतं, कामं वाटलेली होती, आणि प्रत्येकाला रोज काहीतरी छोटंसं का होईना, जमत होतं. उमेद या तीन गोष्टींच्या मागून आली.

हसऱ्या चेहऱ्याबद्दल एक प्रयोग सांगते. एमिली बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अमेरिकेत केला आणि २००३ साली प्रसिद्ध केला. एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांच्या जोड्या केल्या, त्यांना मन अस्वस्थ करणारी फिल्म दाखवली आणि मग त्यावर गप्पा मारायला बसवलं. काही जोड्यांत एकीला गुपचूप सांगून ठेवलं होतं की काहीही वाटलं तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. तिने ते पाळलं. झालं असं की समोर बसलेल्या बाईचा रक्तदाब वाढला, गप्पांत मन रमेना आणि हिच्याशी मैत्री करावी असंही तिला वाटेना. त्या तर अनोळखी बायका होत्या. तुमची मुलगी दहा वर्षं तुमचा चेहरा वाचते आहे. आई हसते आहे पण आईला आतून काहीतरी होतंय, हे तिला कळलेलं असणार. आणि आईच जर काही बोलत नसेल, तर या घरात हा विषय काढायचा नाही असा अर्थ ती लावणार. तिच्या अबोल्यामागे रागाइतकंच हेही असू शकतं.

तेव्हा सुरुवात तिच्यापासून करा. "अगं, तिथे किती छान आहे, बर्फ असतो, युरोप बघायला मिळेल" हे सध्या पूर्ण थांबवा. एका संध्याकाळी तिला घेऊन बाहेर पडा, दोघीच, आणि सरळ सांगा : "मला बँक सोडायचं वाईट वाटतंय. तिथली भाषा मला येत नाही, याची भीतीही वाटते. तुला कशाचं वाटतंय?" मग गप्प बसा. ती मैत्रिणीचं नाव घेईल, कथ्थकच्या क्लासचं घेईल, कदाचित "मला यायचंच नाही" म्हणेल. त्यावर लगेच तोडगा काढू नका. "हो, हे सोडणं अवघड आहे" एवढंच म्हणा. जे सोडायचं आहे त्याचा नीट निरोप घेऊ द्या : शाळेत शेवटच्या दिवशी वर्गमैत्रिणींकडून वहीवर लिहून घेणं, सोसायटीत छोटी पार्टी, तिचं जे सामान इथे राहणार आहे त्याचं खोकं तिनेच बांधून तिनेच त्यावर नाव घालणं. खोकं आजीच्या कपाटावर राहील आणि कुणी उघडणार नाही, एवढा शब्द मात्र द्या आणि पाळा. सामान आवरताना मुलांच्या नकळत खेळणी देऊन टाकणाऱ्या आयांचं मला कळतं, वजनाची मर्यादा असते. पण त्या एका खेळण्यावरून मूल तिकडे महिनोन् महिने रडतं, हेही मी बघितलं आहे.

आता उमेदीचं. गोड चित्रं रंगवण्याने उमेद वाढते असा आपला समज असतो. मूळच्या जर्मन असलेल्या मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगन यांनी यावर बरीच वर्षं काम केलं आहे. २००२ साली डोरिस मायर यांच्याबरोबर त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पदवी संपवून नोकरी शोधणारे विद्यार्थी होते. "नोकरी मिळालीच, मस्त चाललंय" अशी स्वप्नं ज्यांनी जास्त रंगवली, त्यांना दोन वर्षांनंतर बघितलं तर नोकरीचे प्रस्ताव कमी आले होते आणि पगारही कमी होता. ज्यांना "मला हे जमू शकेल" असा भरवसा होता, त्यांचं मात्र चांगलं झालं होतं. स्वप्न आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरवसा पूर्वी काहीतरी जमल्याच्या अनुभवातून येतो, आणि तो अनुभव आपल्याला मुद्दाम उभा करता येतो.

ओटिंगन यांची पद्धत घरी जेवणाच्या टेबलावर करता येते. काय हवंय ते सांगायचं, त्यात माझ्याकडून काय आडवं येईल ते सांगायचं, आणि ते आडवं आलं की मी काय करीन ते आधी ठरवायचं. समजा मुलीला दिवाळीपर्यंत एक तरी मैत्रीण हवी आहे. आडवं काय येईल? मधल्या सुटीत सगळ्या खेळतात आणि हिला बोलता येत नाही, म्हणून ही कोपऱ्यात उभी राहील. मग एक वाक्य इथूनच पाठ करून जायचं : "दार्फ इख मिटश्पीलन?" मी पण खेळू का? बास, एवढंच. पुण्यात रोज रात्री भावाबरोबर त्याची रंगीत तालीम करायची, तो कधी "हो" म्हणेल, कधी "नाही" म्हणेल, आणि "नाही" आलं तर दुसऱ्या घोळक्याकडे जायचं हेही खेळातच येऊन जाईल. "सगळं छान होईल" या आश्वासनापेक्षा हे एक वाक्य तिच्या जास्त कामाला येईल.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर तुमच्याबद्दल. मिस्टरांचा परवाना ब्लू कार्डचा, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा असला, तर जोडीदाराला जाण्याआधी जर्मनची परीक्षा द्यायची सक्ती नसते, आणि तिथे पोचल्यावर नोकरी करायचीही मुभा असते. सक्ती नाही म्हणून बायका शिकत नाहीत, आणि हे मला फार चुकीचं वाटतं. पुण्यासारखी सोय क्वचितच कुठल्या शहरात असेल : बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, खासगी क्लास तर गल्लोगल्ली आहेत. ऑगस्टपर्यंत ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं जेवढं होईल तेवढं करा. मिस्टरांच्या ऑफिसात इंग्रजीवर भागेल. बालवाडीतल्या ताई, डॉक्टरांची रिसेप्शनिस्ट, शेजारच्या आजी यांच्याशी इंग्रजीवर भागत नाही, आणि या सगळ्यांशी गाठ तुमची पडणार आहे. पहिल्या वर्षात ज्या बायका खचलेल्या मी बघते, त्यांतल्या बऱ्याच जणींना एकटेपणापेक्षाही हे जास्त लागलेलं असतं की काल-परवापर्यंत बँकेत माणसं सांभाळणारी मी, आज औषधांच्या दुकानात हातवारे करते आहे.

तिकडे गेल्यावर शहराच्या फोल्क्सहोखशूलचे वर्ग बघा. ही प्रौढांसाठीची सार्वजनिक शिकवणी, फी रास्त असते, आणि तिथे भाषेबरोबर पोहणं, शिवण, स्वयंपाक असं काय काय असतं. सरकारी अनुदानातला एकात्मीकरण अभ्यासक्रम साधारण ६०० तास भाषेचा आणि १०० तास देशाची ओळख करून देणारा असतो. तुमच्या परवान्यावर त्यात जागा मिळेल का, हे तिथे पोचल्याबरोबर विचारून घ्या.

आता मुलाकडे येते, कारण पाच वर्षांच्या मुलाकडून मोठ्यांना शिकण्यासारखं आहे. तो तिथे किटामध्ये जाईल, म्हणजे शाळेआधीची बालवाडी. पहिली वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास सुरू होते. जागा मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून घराचा पत्ता ठरल्या क्षणी अर्ज करा. किटामध्ये नवीन मूल आलं की त्याला पहिल्याच दिवशी दारात सोडून पालक निघून जात नाहीत. आइनगेव्योनुंग नावाची रुळवण्याची एक ठरलेली रीत असते. पहिले दिवस आई किंवा बाबा त्याच खोलीत, एका कडेला बसून राहतात. फारसं खेळवत नाहीत, नुसते असतात. मूल लांब जातं, परत येऊन हात लावून जातं. तीन दिवस झाल्यावर, चौथ्या दिवशी, पालक थोडा वेळ बाहेर जाऊन बघतात. मूल रडलं आणि तिथल्या ताईने जवळ घेतल्यावर शांत झालं, तर दुसऱ्या दिवशी वेळ वाढवायचा. नाही झालं, तर मागे यायचं आणि अजून काही दिवस बसायचं. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. मूल रडलं म्हणून कुणी त्याला "शहाणा ना तू, हस बघू" म्हणत नाही. रडलेलं मूल नवीन माणसाकडून शांत होऊ लागलं, हीच त्यांच्या लेखी रुळण्याची खूण.

तुमच्या संपूर्ण घराला मी हीच खूण लावीन. वाईट वाटतं का, हे बघूच नका, ते वाटणारच. वाईट वाटल्यावर सावरायला तिथलं काही कामी येऊ लागलं का, हे बघा : एखादी शेजारीण, एखादी बाग, एखादा क्लास, ट्राममधली नेहमीची खिडकी. आणि हो, ते किटातले दिवस मिस्टरांनी बसावं असा माझा आग्रह आहे. तिथे बाप मुलासाठी रजा घेतो यात कुणाला नवल वाटत नाही.

मुलीची वाट थोडी लांबची आहे. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी तिथल्या शाळांत तयारीचे वर्ग असतात. त्या वर्गात किंवा नंतर मुख्य वर्गात काही मुलं कितीतरी आठवडे, कधी कधी महिने तोंडच उघडत नाहीत. ती ऐकत असतात, साठवत असतात. घाबरून जाऊन घरी मोडकं जर्मन बोलायला लागू नका. घरात मराठीच राहू दे, भरपूर, गोष्टींची, भांडणाची, चिडवाचिडवीची मराठी. कॅनडात काम केलेले जिम कमिन्स यांनी दाखवून दिलं की खेळण्या-बोलण्यापुरती नवी भाषा मुलांना साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा वर्गातल्या इतरांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे तीन वर्षांच्या मुक्कामात तिचे मार्क तिच्या हुशारीचं माप नसतील. हे तुम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक असू दे, कारण आपल्याकडे चौथी-पाचवीपासून स्कॉलरशिपची हवा असते आणि ती बॅगेतून बरोबर जाते. तिथे एक हा सर्वांत चांगला आणि सहा हा सर्वांत वाईट शेरा असतो, एवढं आजी-आजोबांनाही सांगून ठेवा, नाहीतर फोनवर नको ते कौतुक व्हायचं.

तिला तिथे एक गोष्ट मात्र भरभरून मिळेल, आणि ती आहे मोकळीक. दहा वर्षांची मुलं शाळेत एकटी जातात, ट्रामने जातात, सायकलवर जातात. कर्वे रस्ता ओलांडतानाही जिचा हात आपण सोडत नाही, ती तिथे महिन्याभरात स्वतःचा पास दाखवत फिरू लागते. पहिले काही दिवस मागून चालत जा, मग सोडा. मुलांची उमेद मी यानेच सर्वांत झपाट्याने वाढताना बघितली आहे.

धाकट्यालाही काम द्या. तिथे पाण्याच्या बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते. रिकाम्या बाटल्या सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकायच्या, यंत्र मोजतं, शेवटी हिरवं बटण दाबलं की पावती येते आणि ती काउंटरवर दिली की पैसे मिळतात. हे खातं पाच वर्षांच्या माणसाकडे पूर्णपणे सोपवा, हिशेबासकट. शनिवारी हे करा, कारण रविवारी दुकानं बंद असतात.

ऑगस्टमध्ये निघण्याबद्दल दोन गोष्टी. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे उन्हाळ्याची सुटी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंत चालते. म्हणजे पोचल्यावर काही आठवडे मुलं घरात, मिस्टर ऑफिसात, सामान वाटेत, आणि तुम्ही तात्पुरत्या फ्लॅटमध्ये. तिथल्या भाड्याच्या घरांत कित्येकदा स्वयंपाकाचा ओटा, शेगडी, कपाटं काहीच नसतं, ते आपण आणायचं असतं. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येते. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांसाठी हाताशी रोख पैसा ठेवा, आणि दर खरेदीला युरोचे रुपये करत बसू नका. पैशाची धास्ती बोलून दाखवली जात नाही, ती चिडचिड होऊन बाहेर पडते, आणि मग घरातल्यांना वाटतं की हिचं मन लागत नाही.

दुसरं म्हणजे गणपती. शाळा सुरू होणं आणि गणपती साधारण एकाच सुमारास येतात, आणि पहिलंच वर्ष आहे म्हणून "यंदा राहू दे" असं म्हणायचा मोह होईल. राहू देऊ नका. वीतभर शाडूची मूर्ती कपड्यांत गुंडाळून न्या. तूप मात्र नेऊ नका, दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात न्यायला मनाई आहे. तिथे बुटरश्माल्त्स म्हणून मिळतं ते आपलं तूपच समजा, आणि क्वार्क, म्हणजे तिथलं दह्यासारखं मऊ ताजं चीज, आणून फडक्यात बांधून ठेवला की श्रीखंडाला चक्का तयार. नारळ सुपरमार्केटात मिळतो, तांदळाची पिठी आशियाई दुकानात. उदबत्ती बेताने, छताला धूर ओळखणारी यंत्रं असतात. आरतीला ज्यांना बोलवाल ती माणसं पुढे तीन वर्षं तुमची होतील. मराठी मंडळ असेल तिथे जरूर जा. फक्त सगळे शनिवार-रविवार मंडळातच घालवू नका, नाहीतर तीन वर्षं कोथरूडमध्येच राहून परत याल.

शेजाऱ्यांसाठी स्टुटगार्टची स्वतःची एक पद्धत आहे, केअरवोखे. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने जिना, पायऱ्या, समोरचा भाग झाडायचा आणि पुसायचा. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला पाटी अडकवलेली असते. आपल्याकडे सोसायटीत जिना झाडायला माणूस असतो, त्यामुळे सुरुवातीला हे अपमानास्पद वाटतं. करा, आणि नेमाने करा, चौघांनी मिळून करा. त्या जिन्यात जेवढ्या ओळखी होतात तेवढ्या वर्षभर हाय-हॅलो करून होत नाहीत. रात्री दहानंतर आवाज नको, रविवारी ड्रिल नको, काचेच्या बाटल्या रविवारी टाकायच्या नाहीत, हे आधीच माहीत असलं की कुणी टोकलं तरी ते मनाला लागत नाही.

मिस्टरांच्या वाट्याला काय? माझ्या मते, तिथली कागदपत्रं पूर्णपणे त्यांच्याकडे द्या. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, त्याला घरमालकाचं पत्र लागतं. नोंदणी झाली की पत्रपेटी भरू लागते : कराचा क्रमांक, आरोग्य विमा, रेडिओ-टीव्हीची महिना १८.३६ युरोची वर्गणी (घरात टीव्ही नसला तरी ती द्यावी लागते, ती फसवणूक नव्हे). सगळं जर्मनमध्ये, सगळ्याला मुदत. दिवसा घरी तुम्ही असता म्हणून पत्रं तुमच्याकडे साचतात, आणि न उघडलेल्या पाकिटांचा ढीग माणसाला आतून पोखरतो. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा, त्यांनी बसून सगळी पाकिटं उघडायची. ऑफिसातून ते इथल्यापेक्षा लवकर घरी येतील, चाकणचा ट्रॅफिक तिथे नाही.

आणि दोघांनी आठवड्यातून एकदा, मुलं झोपल्यावर, अर्धा तास बसायचं. या आठवड्यात काय खुपलं, हे आधी एकाने सांगायचं, दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. मग अदलाबदल. "मी तुमच्यासाठी सगळं सोडून आले" आणि "मी हे सगळं कुणासाठी करतोय" ही दोन वाक्यं बहुतेक घरांत पहिल्या हिवाळ्यात येतात. भांडणात फेकली जाण्याआधी ती या अर्ध्या तासात आली तर त्यांच्यावर बोलता येतं.

हिवाळ्याबद्दल आता. परदेशी गेल्यावर आधी नवलाई, मग घसरण, मग हळूहळू सावरणं, असा क्रम १९५४ साली कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञांनी मांडला. त्याच सुमारास, १९५५ साली, स्वेर्रे लिसगोर यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या अभ्यासकांचं निरीक्षण छापलं, त्यात सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचं रुळणं सर्वांत कमी दिसलं होतं. पुढच्या अभ्यासांत हा क्रम सगळ्यांना लागू पडला नाही, कित्येकांना पहिलेच महिने सर्वांत कठीण जातात. पण ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट मी खात्रीने सांगते : नवलाई ओसरणं आणि उजेड जाणं एकदम येतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. डिसेंबरात स्टुटगार्टला सूर्य आठनंतर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. मुलं शाळेतून येऊन जेवेपर्यंत दिवस संपत येतो.

याला तोंड द्यायची तयारी ऑक्टोबरात करायची, डिसेंबरात सुचत नाही. दुपारी बारा ते एकच्या दरम्यान रोज बाहेर पडायचं, आभाळ कसंही असो. मुलांना पावसाच्या विजारी आणि बूट घ्या, तिथली मुलं चिखलातच खेळतात. नोव्हेंबरपासून आठवड्यातला एक दिवस बाहेरच्या माणसांत जाण्यासाठी बांधून घ्या, त्याचे पैसे आधी भरून टाका, म्हणजे टाळलं जाणार नाही. आणि फेब्रुवारीत कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका. परत जायचं का, घर बदलायचं का, सगळं मे महिन्यावर टाका. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि तीच माणसं वेगळं बोलू लागतात.

सासूबाईंचं रडणं थांबवायचा प्रयत्न करू नका, त्यांना काम द्या. मुलीला मराठी वाचून दाखवणं त्यांच्याकडे सोपवा, व्हिडिओ कॉलवर, ठरलेल्या वारी. भारतातलं घड्याळ तिथल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतं, म्हणजे तिथे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा पुण्यात साडेआठ किंवा साडेनऊ. फोनवर "सगळं मस्त" एवढंच सांगत राहिलात तर त्या काळजीच करत राहतील. "आज बस चुकली, रडू आलं, मग चालत आलो" असं सांगितलंत तर त्यांना तुमचं जगणं दिसेल. जाण्याआधी त्यांच्यासाठी शेजारी एक किल्ली, हॉस्पिटलची फाइल, औषधांची यादी आणि रात्री-अपरात्री धावून येईल अशी दोन माणसं पक्की करा. त्यांना बोलवायचं तर मे-जूनमध्ये. पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, आणि प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

तुमच्या झोपेबद्दल. निघण्याआधीची धास्ती म्हणून थोडे दिवस असं होतं. पण सलग दोन आठवडे झोप बिघडलेली, कशातच रस नाही, जेवण जात नाही, रडू आवरत नाही, असं असेल तर पुण्यातच डॉक्टरांना दाखवा, जाण्याची वाट बघू नका. भारतात असेपर्यंत टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिकडे गेल्यावर मिस्टर सरकारी आरोग्य विम्यात असतील, तर न कमावणारी पत्नी आणि मुलं वेगळा हप्ता न भरता त्याच विम्यात येतात आणि मानसोपचारही त्यात असतात. पहिली भेट मिळवायला ११६११७ या क्रमांकावर मदत होते. जीव संपवावासा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली तर सरळ ११२, हा तिथला तातडीच्या मदतीचा क्रमांक. मनाच्या डॉक्टरकडे जाणं हा तिथे विमाधारकाचा साधा हक्क आहे, तो वापरा.

"नाहीच जमलं तर?" याचं उत्तर तुम्ही दोघांनी निघण्याआधी कागदावर लिहावं असं मला मनापासून वाटतं. पहिल्या वर्षाच्या शेवटी, जूनमध्ये, चौघं बसून ठरवणार की राहायचं की परतायचं, आणि त्यात मुलीचं मतही धरणार. परतलात तर कुणी हरलं असं नाही. ज्यांना परतीचा रस्ता मोकळा आहे हे माहीत असतं, ती माणसं तिकडे जास्त निवांत राहतात, हा माझा अनुभव आहे. मुलीचं मराठी वाचन आणि गणित इथल्या पातळीला चालू ठेवा, तिथल्या शाळेची प्रगतिपुस्तकं जपून ठेवा, कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिलात तर करार अकरा महिन्यांचाच करा.

आणि राजीनाम्याची घाई करू नका. काही बँकांत महिला कर्मचाऱ्यांना कुटुंबासाठी दीर्घ बिनपगारी रजा घेता येते. तुमच्या बँकेत तशी तरतूद आहे का, किती काळाची आहे, ज्येष्ठतेचं काय होतं, हे एचआरला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. रजेचा अर्ज याच आठवड्यात द्या, राजीनामा मंजूर झाल्यावर त्याचा उपयोग नसतो.